ताळगावच्या वाड्याचं शहर कसं झालं: पणजी, आणि तिच्यामागून पर्वरी

पेडणे ही नगरपालिका आहे आणि पर्वरी पंचायत आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला आधी पटत नाही. २०११ च्या जनगणनेत पेडणे नगरपालिकेची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. पर्वरीच्या एकट्या पेन्ह द फ्रान्स पंचायतीची वस्ती त्याहून कितीतरी मोठी. पर्वरीला विधानसभा आहे, सचिवालय आहे, उच्च न्यायालय आहे, मॉल आहेत, दहा-दहा माळ्यांच्या इमारती आहेत. आणि गटाराची तक्रार घेऊन जायचं कुठं, तर पंचायतीत. बरं, 'पर्वरी पंचायत' असं तरी काही आहे का? नाही. पेन्ह द फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद अशा पंचायतींत ही वस्ती वाटली गेलेली आहे. पर्वरी नावाचा विधानसभा मतदारसंघ २०१२ च्या निवडणुकीपासून आहे, पण त्या नावाचं गाव सरकारी कागदावर पंचायत म्हणून नाही.

मग शहर व्हायचं म्हणजे नेमकं काय व्हायचं? लोक वाढले की होतं, इमारती झाल्या की होतं, की सरकारने कागद काढला की होतं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गोव्यात लांब जायला नको. मांडवीच्या दक्षिण काठावर एक पुरा नमुना उभा आहे. पणजी.

पणजी हा मूळचा ताळगावचा एक वाडा. तिसवाडी बेटावरच्या ताळगाव गावाची गावकरी, म्हणजे पुढे पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणू लागले ती गावसंस्था, हिच्या ताब्यातली ही नदीकाठची जमीन. आल्तिनोचा डोंगर आणि मांडवी यांच्यामध्ये सखल पट्टी, माडांच्या बागा, भातशेती, खाजन, मासेमाऱ्यांच्या झोपड्या. नदीच्या तोंडाशी आदिलशाहाचा कोट. १५१० साली आल्फोन्स द आल्बुकेर्कने गोवा घेतलं तेव्हा हा कोट महत्त्वाचा होता, कारण नदीत शिरणारं प्रत्येक गलबत त्याच्यासमोरून जायचं. पण कोट म्हणजे गाव नव्हे, आणि गाव म्हणजे शहर तर नव्हेच. शहर वर होतं, नऊ-दहा किलोमीटरवर, आज ज्याला आपण जुनं गोवं म्हणतो ते.

पणजीत चर्च मात्र लवकर आलं. १५४१ च्या सुमारास टेकडीच्या पायथ्याशी लहानसं चॅपल होतं; आजची इमारत १६१९ च्या पुनर्बांधणीची. दर्यावर्दी लिस्बनहून आले की आधी इथं उतरून प्रार्थना करायचे आणि मग वर शहरात जायचे. धर्माच्या हिशेबात पणजी ताळगावपासून वेगळी झाली ती अशी, चर्चमुळे. जमिनीच्या हिशेबात ती अजून ताळगावचीच होती. वाड्याचं शहर होताना सगळ्या गाठी एकदम सुटत नाहीत, एकेक सुटते. पणजीच्या बाबतीत पहिली सुटली ती चर्चची.

दुसरी गोष्ट रस्त्याची. १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिस, म्हणजे दों मिगेल द नोरोन्य, याने पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये खाडीतून, मिठागरांच्या कडेने, तीनेक किलोमीटरचा चिऱ्यांचा बांध-पूल बांधला. तो अजून वापरात आहे. मी स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी केली, तेव्हा या बांधाबद्दल माझं मत थोडं पक्षपाती असणार, पण चिखलावर, भरती-ओहोटीच्या पाण्यात, खालून पाणी जायला कमानी ठेवून घातलेलं हे काम जवळजवळ चारशे वर्षं वाहतूक अंगावर घेतं आहे. त्यावरून आता बसगाड्या जातात. आपण आता ज्या गोष्टी बांधतो त्यांना पन्नास वर्षांचं आयुष्य धरतो.

हा बांध झाला तेव्हा पणजी शहर नव्हती, उपनगरही धड नव्हती. पण त्याच्यामुळे ती मुख्य शहराला पायी जोडली गेली. उपनगराची सुरुवात साधारण अशीच होते.

मग वरचं शहर पडू लागलं. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत, तेव्हा थोडक्यात सांगतो: साथीचे रोग, हिवताप, विहिरींचं दूषित झालेलं पाणी, डच आणि मराठ्यांशी लढाया, व्यापार घसरलेला. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने शहरातला राजवाडा सोडला आणि तो पाणेळी येथे राहायला गेला. १७५९ मध्ये कोंद द एगा याने तिथूनही मुक्काम हलवला आणि पणजीच्या आदिलशाही कोटाची डागडुजी करून तिथं राहू लागला. पोर्तुगालात पोम्बालचा कारभार होता. त्याला हे मान्य नव्हतं. १७७० च्या दशकात जुनं गोवं पुन्हा उभं करायचा हुकूम आला, पैसे खर्च झाले, मजूर आणले गेले आणि त्यातले कितीतरी तापाने मेले. शेवटी तो बेत सोडून द्यावा लागला. राजवाडा एकदा हलला की त्याला हुकूम काढून परत आणता येत नाही.

इथं आपल्या बाजूची, म्हणजे डिचोली-पेडण्याची, एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. व्हाइसरॉय पणजीला आला त्या शतकात डिचोली, साखळी, पेडणे हे महाल बराच काळ सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. १७८१ ते १७८८ या काळात ते एकेक करून पोर्तुगिजांकडे गेले आणि 'नव्या काबिजादी' झाले. म्हणजे पणजी राजधानी होत होती त्याच काळात तिच्यामागे उत्तरेकडचा मुलूख वाढत होता. जुनं गोवं हे बेटावरच्या, समुद्राकडे बघणाऱ्या राज्याचं शहर होतं. नदीच्या तोंडाजवळची पणजी ही बार्देस आणि त्यापलीकडच्या महालांना होडीने जवळ पडणारी जागा होती. हे कारण पुस्तकांत फारसं सांगत नाहीत. मला ते रोगराईइतकंच महत्त्वाचं वाटतं.

ताळगाव आणि डिचोलीचं नातं तर याहून जुनं. सोळाव्या शतकात तिसवाडीतली देवळं पाडली गेली तेव्हा अनेक देव नदीपलीकडे गेले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे सर्वांना माहीत आहे. ताळगावची महालक्ष्मी मयेला नेली अशी परंपरा सांगितली जाते. १८१८ मध्ये पणजीत महालक्ष्मीचं देऊळ बांधायला परवानगी मिळाली. जुन्या काबिजादीत बंदीच्या काळानंतरचं ते पहिलं देऊळ म्हणून ओळखलं जातं. वाड्याचं शहर होताना कोणाला राहायला जागा मिळू लागली, याची ही खूण आहे. सरकारला लेखनिक हवे होते, दुभाषे हवे होते, सावकार आणि व्यापारी हवे होते. ते आले तर त्यांचा देवही आला.

आता भरावाकडे येतो. राजवाडा आला, पाठोपाठ कचेऱ्या आल्या, जकात आली, पण जमीन होती तशीच होती: अर्धी दलदल. आजची पणजी ज्याने घडवली तो दों मानुएल द पुर्तुगाल इ कास्त्रु, १८२६ पासून आधी गव्हर्नर आणि मग व्हाइसरॉय, १८३५ पर्यंत. त्याने सखल जागा भरून घेतल्या, सरळ रस्ते आखले, सरकारी इमारती उभ्या केल्या. मांडवीकाठची मोठी लष्करी बराक, जिच्यात आज पोलीस मुख्यालय आणि मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे, ती १८३२ ची. फोंतेइन्यशचा भाग त्याआधीच एका धनिकाने पाणथळ जमिनीतून मिळवायला सुरुवात केली होती; आफ्रिकेतून पैसा करून आलेला म्हणून त्याला लोक 'मोसंबीकर' म्हणत.

खाजन भरणं म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खाजन ही नदीच्या भरतीच्या पातळीखालची जमीन. बाहेरून बांध घालून खारं पाणी अडवलेलं असतं आणि बांधाला मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी, असते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीला नदीच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं. मांडवीच्या तोंडाशी मोठ्या भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरहून थोडा जास्त. मानस, बांध, पोंय आणि शेत या सगळ्याचा मिळून एक हिशेब असतो आणि तो हिशेब गावकरी ठेवायची. बांध फुटला तर दुरुस्ती कोणी करायची, मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात कोणाला, हे सगळं तिच्या वह्यांत.

शहर करायचं म्हणजे हा हिशेब मोडायचा. वर माती टाकली, रस्ता केला, घर बांधलं, तरी खाली पातळी काय झाली? भरतीच्या पाण्याहून हातभर वर, तीही सगळीकडे नाही. पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर गटारातलं पाणी जाणार कुठं? नदी त्याला आत घेत नाही. अठरा जून रस्त्यावर पावसाळ्यात पाणी साचलं की वर्तमानपत्रं कंत्राटदाराला आणि महापालिकेला बोल लावतात. त्यात काही खोटं नाही, पण मूळ दोष १८३० च्या आसपासचा आहे. पाण्याने आपली जुनी जागा विसरलेली नाही. सांतइनेजचा नाला आणि ओरेमची खाडी ही त्या जुन्या व्यवस्थेची उरलेली दोन टोकं. ती बुजली की पाणी रस्त्यावर येणारच.

जमिनीचा दुसरा हिशेब पैशाचा. गावकरीची जमीन आफ्रामेंताने, म्हणजे कायमच्या भाडेपट्ट्याने, दिली जायची आणि दरवर्षी ठरलेला फोर भरायचा. भाताच्या किमतीत ठरलेला फोर शहराच्या जमिनीला लागू राहिला तर काही पिढ्यांत त्याची किंमत नाममात्र होते. ज्या गावाच्या जमिनीवर शहर उभं राहिलं त्या गावाला शहराच्या भरभराटीतून काय मिळालं, याचा विचार केला तर आकडा फार लहान निघतो. हा नियम ताळगावपुरता नाही, गोव्यात जिथं जिथं कोमुनिदादीच्या जमिनीवर बाजार उभा राहिला तिथं तो लागू आहे.

एवढं सगळं झाल्यावर, म्हणजे राजवाडा येऊन ८४ वर्षं झाल्यावर, २२ मार्च १८४३ रोजी राणी दोन मारिय दुसरी हिचा फर्मान निघाला आणि पणजी हे शहर झालं. पोर्तुगीज व्यवस्थेत आल्देय म्हणजे गाव, व्हिल म्हणजे नगर, सिदाद म्हणजे शहर, असे दर्जे होते आणि दर्जा राजाकडूनच मिळायचा. मडगावला व्हिलचा दर्जा १७७८ मध्येच मिळाला होता. पणजीला थेट सिदादचा मान मिळाला आणि नाव मिळालं नोव्हा गोवा, नवं गोवं. हद्द धरली ती पणजी, रायबंदर आणि जुनं गोवं मिळून.

या हद्दीत खरी मेख आहे. पणजीला स्वतंत्र नवं शहर म्हणून जन्माला घातलं नाही. जुन्या शहराचंच नाव आणि मान खाली नदीकाठाने सरकवत पणजीपर्यंत आणला. ज्या शहराचं ती उपनगर होती त्यालाच तिने उपनगर करून आपल्या हद्दीत घेतलं. ज्या ताळगावची ती वाडा होती तो मात्र हद्दीबाहेर राहिला, गाव म्हणून. जुन्या शहराचं सामानसुद्धा खाली आलं. पणजी चर्चमधली मोठी घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठाची. मधली काही वर्षं ती आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये पणजीला आली.

'नोव्हा गोवा' हे नाव कागदावर राहिलं, लोकांनी पणजी सोडली नाही. १९६१ नंतर ते नाव गेलंच. २००२ च्या कायद्याने पणजी महानगरपालिका झाली. २०११ ला महापालिकेच्या हद्दीत चाळीस हजार लोक होते, भोवतालची वस्ती धरली तर लाखाच्या वर. म्हणजे आज पणजीचे निम्म्याहून जास्त लोक पणजीच्या हद्दीबाहेर राहतात. त्यातला मोठा भाग ताळगावात. आणि ताळगाव? गोवा विद्यापीठ तिथल्या पठारावर आहे, उंच इमारती आहेत, तरी ताळगाव अजून पंचायत आहे. मुलगी महानगरपालिका आणि आई ग्रामपंचायत. दरवर्षी २१ ऑगस्टला तिथले गावकार पहिलं भाताचं कणीस कापून कोणसाचं फेस्त करतात. भातशेती किती उरली ते बघायला तिथं त्या दिवशी जरूर जावं.

आता पलीकडच्या काठाला. नदीच्या उत्तरेला पर्वरीचं जांभ्याचं पठार, पायथ्याशी बेती. १९७० मध्ये मांडवीवर पूल झाला तोपर्यंत फेरीबोट हाच मार्ग. ५ जुलै १९८६ ला तो पूल पडला तेव्हा मी अकरावीत होतो. डिचोलीहून पणजीला जायचं म्हणजे बेतीला बसमधून उतरायचं, फेरीबोटीसाठी रांगेत उभं राहायचं, पावसात भिजायचं. त्या काळात पर्वरी म्हणजे आमच्यासाठी उतार सुरू व्हायच्या आधीचं माळरान. काजू, खडक आणि वारा. नवा पूल १९९२ ला आला आणि २०१९ च्या जानेवारीत तिसरा, केबलचा. पुलांनी काय केलं ते लिन्यारिसच्या बांधाने केलं होतं तेच.

२००० साली विधानसभा आदिलशाही राजवाड्यातून निघून पर्वरीच्या नव्या संकुलात गेली. १७५९ ची गोष्ट पुन्हा झाली, फक्त नदी ओलांडून. सचिवालय गेलं. मार्च २०२१ मध्ये उच्च न्यायालयाची नवी इमारतही तिथंच झाली. म्हणजे पणजीच्या क्रमाने पाहिलं तर रस्ता झाला, राजवाडा आला, बांधकामं आली. कागद अजून यायचा आहे.

इथं दोन कागदांत फरक करायला हवा, कारण बोलताना त्यांची गल्लत होते. जनगणनेच्या दृष्टीने शहर ठरवायचे तीन निकष आहेत: वस्ती पाच हजारांच्या वर, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. या निकषात बसलं की ते 'जनगणना शहर'. पेन्ह द फ्रान्स, सुकूर, ताळगाव ही सगळी अशीच. २०११ ला गोव्यात अशी ५६ शहरं होती आणि कायद्याने शहर असलेली फक्त १४, म्हणजे १३ नगरपालिका आणि पणजी महापालिका. गोव्याची ६२ टक्के वस्ती शहरी आहे असा जो आकडा आपण ऐकतो, त्यात पंचायतीत राहणारे हे 'शहरी' लोक मोजलेले आहेत. दुसरा कागद कायद्याचा. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या २४३ क्यू कलमाप्रमाणे वस्ती, घनता, महसूल आणि शेतीबाहेरचा रोजगार बघून राज्यपालांनी अधिसूचना काढायची, आणि मग गोवा नगरपालिका कायदा, १९६८ लागू होतो. पहिला कागद आपोआप मिळतो. दुसऱ्यासाठी कोणीतरी ठरवावं लागतं.

ते कोणी का ठरवत नाही? आमच्या मंडळात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, नगरपालिका झाली की कर वाढतात, बाकी काही होत नाही, साखळी-डिचोलीला विचारा. दुसरा म्हणतो, तीन पंचायतींत वाटलेल्या गावाचा कचरा, पाणी, मलनिस्सारण यांचा एकत्र विचार कधी होणारच नाही. माझं मत दुसऱ्या बाजूचं होतं. आता तितकं ठाम नाही, आणि कारण ग्रामसभा. पंचायत राज कायद्यात ग्रामसभा आहे, तिथं कुठलाही मतदार उठून सरपंचाला सर्वांसमोर विचारू शकतो. नगरपालिकेत ते नाही. तिथं नगरसेवक बोलतो, तुम्ही गॅलरीत बसता. १८४३ ला ताळगावच्या गावकरांना कोणी विचारलं नव्हतं, विचारायची पद्धतही नव्हती. आज आहे, आणि शहराच्या कागदाबरोबर ती जाणार. २०२५ मध्ये महामार्गाच्या उन्नत मार्गासाठी पर्वरीतलं खाप्रेश्वराचं स्थान आणि तिथला जुना वड हलवला गेला तेव्हा जी माणसं रस्त्यावर आली ती स्वतःला गावची म्हणत होती, शहराची नव्हे.

पाण्याचं एक सांगून टाकतो, कारण ते आपल्या तालुक्याचं आहे. पर्वरी पठारावर आहे, जांभ्यात पाणी टिकत नाही. बार्देसचं पिण्याचं पाणी मुख्यतः अस्नोड्याच्या प्रकल्पातून येतं आणि त्या प्रकल्पाला आधार आहे तो डिचोली तालुक्यातल्या आमठाणे धरणाचा आणि तिळारीच्या कालव्याचा. कालवा फुटला किंवा दुरुस्तीला बंद झाला की पर्वरीचे नळ कोरडे पडतात. जुनं गोवं विहिरींच्या पाण्याने मेलं. पर्वरीचं पाणी आपल्या गावांतून जातं, तेव्हा ती शहर होणं न होणं हा फक्त तिथल्या लोकांचा प्रश्न नाही.

आणि पेडण्याचा तर अजिबातच नाही असं म्हणता येणार नाही. मोप्याचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून चालू आहे. त्याच्याभोवतीच्या मोपा, वारखंड, नागझर, कासारवर्णे, चांदेल या गावांत रस्ता आधी आला, आता जमिनींचे व्यवहार चालू आहेत. क्रम ओळखीचा आहे. पणजीच्या वेळी वाड्यांची नावं, मानशींच्या जागा, झऱ्यांचे हक्क कोणी लिहून ठेवले नाहीत म्हणून आज आपल्याला भरावाखाली काय होतं ते शोधावं लागतं.

मोप्याच्या पठाराभोवतालच्या वाड्यांची, तळ्यांची, पाणवठ्यांची आणि देवचारांच्या स्थानांची यादी मंडळाने करायला घेतली आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यातल्या कोणाच्या घरी आफ्रामेंताचे जुने कागद, फोराच्या पावत्या किंवा जमीन मोजणीचे हाताने काढलेले नकाशे असतील तर मूळ कागद देऊ नका, मोबाईलवर फोटो काढून पाठवा. कागद सरळ पसरून, उजेडात, चारी कोपरे येतील असा काढावा. मागच्या बाजूलाही काही लिहिलेलं असतं, तिचाही फोटो हवा.